हात न बसलेला डॉक्टर आणि आमचा जीव



ज्वारीच्या पेरणीला चाड्यावर मूठ कोण धरते? जिचा हात बसलेला आहे तीच. घरातला पोरगा कृषीची पदवी घेऊन आला म्हणून पहिल्याच दिवशी कोणी त्याच्या हाती चाडे देत नाही. मूठ सैल पडली तर बी दाट पडते, आवळली तर तास रिकामे जाते, आणि चूक कळते ती आठ दिवसांनी, ओल उडून गेल्यावर. म्हणून त्याला आधी जाणत्याच्या शेजारून चालवायचे, दोन तासे त्याच्या हाताने पेरून घ्यायची, मग वावर सोपवायचे. एवढे शहाणपण आपण पायलीभर बियाण्यासाठी वापरतो. सरकार ते आपल्या जिवासाठी वापरायला तयार नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि देशातल्या वैद्यकीय महाविद्यालयांचे वर्ग बंद झाले. मुले घरी आली. व्याख्याने मोबाईलवर सुरू झाली. १ डिसेंबर २०२० पर्यंत महाविद्यालये उघडावीत, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सुचवले. ती उघडतात न उघडतात तोच २०२१ ची दुसरी लाट आली. मुले वॉर्डात परतली तेव्हाही अनेक रुग्णालयांत खाटेखाटेवर एकच रोग होता. नेहमीच्या शस्त्रक्रिया पुढे ढकललेल्या, बाह्यरुग्ण विभाग ओस. पोटदुखीचा, बाळंतपणाचा, हाड मोडल्याचा, ताप मेंदूत गेल्याचा रोगी ज्या वर्षांत शेकड्यांनी पाहायचा, ती वर्षे पडद्यावरची चित्रे पाहण्यात गेली.

साथ होती, इलाज नव्हता, हे मान्य. त्या काळात अनेक शिकाऊ डॉक्टर जीव धोक्यात घालून राबले, तेही मान्य. या मुलांशी आपले भांडण नाही. उलट खरे काय ते मुलेच बोलली. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या २,७२१ वैद्यकीय विद्यार्थ्यांची पाहणी झाली. हाताने करायची कामे ऑनलाइन शिकता येत नाहीत, असे उत्तर देणाऱ्यांपैकी शंभरात सुमारे ८२ जणांनी सांगितले. ज्या देशात यंत्रे, पुतळे, इंटरनेट कशाची ददात नाही, तिथली मुले हे म्हणतात. मग ज्याच्या गावी झाडावर चढल्याशिवाय मोबाईलला रेंज येत नव्हती, त्या आपल्याकडच्या पोराचे काय झाले असेल?

भीतीची किंमत कोण मोजतो?

डॉक्टरला आत्मविश्वास नाही ही त्याची खाजगी अडचण आहे, असे कोणाला वाटेल. तसे नाही. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात नवा डॉक्टर अडला तर शेजारच्या खोलीत त्याचा वरिष्ठ असतो. तीस हजार वस्तीसाठी एक, अशा हिशेबाने बांधलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री तो बहुधा एकटा असतो. अडला की तो चिठ्ठी लिहितो : पुढे घेऊन जा. ही चिठ्ठी फुकट नसते. गाडीचे भाडे आपण देतो, वाटेतला वेळ रोगी देतो, आणि कधी कधी रोगी वाटेतच जातो.

मण्यार चावते ती रात्री, झोपेत. सूज नाही, आग नाही, दाताची खूणही धड दिसत नाही. माणूस उठतो तो पोट दुखते म्हणत. पापण्या जड झाल्या आहेत हे ज्याने एकदा खाटेजवळ उभे राहून पाहिले आहे, तो ओळखतो आणि सर्पविषाची लस सुरू करतो. ज्याने फक्त चित्र पाहिले, तो पोटदुखीची गोळी देऊन घरी पाठवण्याचा धोका असतो. पुढे श्वास थांबतो.

फवारणीचे तर आपल्याला सांगायला नको. २०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली. फवारणारा येतो तेव्हा त्याने कोणती दोन-तीन औषधे एकत्र केली हे त्याला धड सांगता येत नाही, डबा तर वावरातच राहिलेला असतो. अशा वेळी अंगच वाचावे लागते. डोळ्याची बाहुली टाचणीएवढी झाली का, घाम आणि लाळ किती, छातीत घरघर आहे का. बाधा त्या जातीच्या विषाची असेल तर अ‍ॅट्रोपिन द्यायचे आणि छाती मोकळी होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासत द्यायचे. कमी पडले तर माणूस जातो, जास्त झाले तर भ्रमिष्ट होतो. काही कीटकनाशकांना तर उतारच नाही, तिथे श्वास सांभाळणे एवढेच हाती. हे पुस्तकात वाचता येते, पण येते ते हातानेच.

मोठी यंत्रे नव्हती, पण डोळे होते

महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास रुजू झाले. कोकणात तेव्हा विंचवाने माणसे मरत. हा माणूस रोग्याच्या उशाशी रात्रभर बसला, नाडी आणि रक्तदाब तासातासाला लिहीत गेला, आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने विंचवाचा रोगी वाचतो हे त्यांनी जगाला दाखवले. शंभरातले चाळीसपर्यंत रोगी जात होते, ते प्रमाण एकाच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही विद्या कोणत्याही पडद्यावरून उतरलेली नव्हती. ती खाटेशेजारी मिळाली, आणि खेड्यातल्या खाटेशेजारी मिळाली.

एकाला एक न्याय, दुसऱ्याला दुसरा

सरकारला हे कळत नाही असे समजू नका. परदेशात शिकणारी आपली मुले साथीमुळे आणि युक्रेनच्या युद्धामुळे शेवटच्या वर्षात घरी परतली आणि त्यांनी उरलेला अभ्यास इथून पुरा केला. त्यांच्यासाठी आयोगाने जुलै २०२२ मध्ये नियम काढला : चाचणी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर एक नव्हे, दोन वर्षे रुग्णालयात उमेदवारी करा. का? तर खाटेशेजारचे शिक्षण बुडाले म्हणून. कारण रास्त आहे. मग तीच खाट इथल्या मुलांचीही बुडाली होती, तेव्हा हे कारण कुठे गेले? परीक्षा झाली, वहीवर सह्या झाल्या, प्रश्न मिटला! सही झाली म्हणजे हात बसला असे मानणारे लोक कधी चाड्यामागे चाललेले दिसत नाहीत.

आणि ही मुले शिकून पहिल्यांदा एकटी उभी राहतात ती कुठे? सरकारी महाविद्यालयातून निघालेल्यांना एक वर्षाची सक्तीची सेवा आहे, आणि ती देताना पुष्कळ जण आपल्याच केंद्रांत येतात. म्हणजे राहिलेला अभ्यास पुरा होतो तो आमच्या अंगावर. खेड्यात काय, कोणीही चालेल, हा हिशेब जुनाच आहे. कापसाच्या भावात तोच, माणसाच्या जिवातही तोच.

काही जण म्हणतील, साथ गेली, ती मुले डॉक्टर झाली, आता जुने कशाला उकरता? उकरायचे एवढ्यासाठी की साथ गेली तरी सोय राहिली. पडद्यावरचे शिक्षण स्वस्त पडते. एक शिक्षक हजारांना शिकवतो, ना खाटा लागतात ना रोगी. शिक्षकांच्या रिकाम्या जागा झाकायला हे पांघरूण फार चांगले आहे.

मागणे काय?

भीक मागायची नाही, हक्क सांगायचा. सरकारी रुग्णालयांच्या खाटांवर झोपतो कोण? आपणच. या राज्यातले डॉक्टर आपल्या शरीरावर शिकतात. खुशाल शिका, पण विचारून शिका आणि शिकवणारा शेजारी असू द्या. आणि शिकलेल्या हातावर पहिला हक्क आमचा ठेवा.

म्हणून या बैठकीत हा ठराव घ्यावा :

१. कोणाही नव्या डॉक्टरला आरोग्य केंद्रात एकटे सोडण्याआधी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात अनुभवी डॉक्टरांच्या हाताखाली ठेवावे. बाळंतपण, सर्पदंश, फवारणीची विषबाधा आणि जुलाबाने सुकलेले मूल ही चार कामे त्याने हाताने करून दाखवावीत. या काळाचा पूर्ण पगार द्यावा, बिगारी नको.

२. खाटेशेजारच्या शिक्षणाचा एकही तास पडद्यावरच्या तासाने भरून काढू नये.

३. फवारणीच्या हंगामात प्रत्येक केंद्रातल्या डॉक्टरला रात्री सल्ला देणारा वरिष्ठ नेमून द्यावा आणि त्याचे नाव दारावर लिहावे.

आणि आपल्याकडूनही एक गोष्ट. नवा डॉक्टर "मला हे येत नाही, सिस्टरना विचारतो" म्हणाला तर त्याला हसू नका. वीस वर्षे बाळंतपणे केलेल्या सिस्टरचा हात बसलेला आहे, आणि तिला विचारणारा पोरगा शिकायला तयार आहे. भ्यावे ते न विचारणाऱ्याला, आणि त्याला एकटा पाठवणाऱ्याला.