नक्राचें बळ

नक्राचें सामर्थ्य पाण्यांत; जमिनीवर आला कीं तो दुबळा, अशा आशयाचें संस्कृत सुभाषित आम्हीं नगर जिल्ह्यांतील शाळांतून कित्येक वर्षें शिकविलें. ‘नक्र मूळचाच जलवासी’ अशी पुस्ती आम्ही पदरची जोडीत असूं. परवां नातवास तेंच सांगत असतां तो म्हणाला, “आजोबा, पूर्वीं मगरी जमिनीवर शिकार करीत.” दटावण्याचा मोह झाला, पण त्यानें पुस्तक पुढें केलें आणि आम्हांस चष्मा लावावा लागला.

बलुचिस्तानांत सांपडलेल्या जबड्याच्या अवशेषांवरून शास्त्रज्ञांनीं २००१ सालीं ‘पबवेहशी’ या लुप्त मगरीचें वर्णन केलें. पब ही तेथील डोंगररांग. वेहशी म्हणजे उर्दूंत रानटी श्वापद. तिचे दांत चपटे, करवतीसारख्या धारेचे. तिच्याच कुळांतील ब्राझीलच्या ‘बाउरूसूकस’ची कवटी उंच व अरुंद, नाकपुड्या तोंडाच्या टोकाशीं. आजच्या मगरीचें डोकें चपटें. डोळे नि नाकपुड्या वरच्या अंगास, म्हणजे पाण्यांत दडून पाहण्याची सोय. भूचरांस ती नको होती. पाय अंगाखालीं सरळ घेऊन ते चालत. मगरींचे आदिपूर्वज तर लहान, लांब पायांचे भूचरच होते. ‘टिकिसूकस’ हा त्यांचा प्राचीन भूचर आप्त मध्यप्रदेशांतील टिकी गांवाच्या खडकांत सांपडला.

आमच्या नगरच्या काळ्या कातळांत अशीं हाडें कोठून मिळावीं? सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनवर जो तप्त शिलारस पसरला, तोच थिजून हा कातळ झाला. त्याच सुमारास पृथ्वीवर प्रचंड अशनि आदळला. त्या प्रलयांत पबवेहशीचें कुळ संपलें. दक्षिण अमेरिकेंत भूचर मगरींची एक शाखा पुढेंही पुष्कळ काळ टिकली. अखेर तीही गेली. उरल्या त्या पाण्याच्या आश्रयाच्या. कुजलेल्या पाल्यावर जगणारे जीव, त्यांवर मासे, अशी तेथील अन्नाची सांखळी सहसा तुटली नाहीं, आणि मगर महिनोन् महिने उपाशी राहूं शकते, असें त्याचें कारण मानतात.

तेव्हां सुभाषित आजच्या नक्रापुरतें खरें. खोटी ठरली ती आमची पुस्ती. पाणी हें नक्राचें जन्मस्थान नव्हे, आश्रयस्थान होय. आमच्या हाताखालून गेलेले विद्यार्थी आज स्वतः आजोबा झाले असतील. त्यांपैकीं कोणी हें वाचीत असल्यास त्यांनीं आपल्या घरीं एवढी दुरुस्ती अवश्य सांगावी. नातवाजवळ आम्हीं चूक कबूल केली आहे.