तेरवीनंतरचे दुसरे वर्ष

तेरवीला जमलेले नातलग पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवून ‘आता तूच घरचा कर्ता’ असे सांगून जातात. हेतू धीर देण्याचाच असतो. परंतु ज्याला रडण्याची मुभा हवी, त्याच्या अश्रूंवर त्या वाक्याने पहारा बसतो.

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील पुष्कळ घरांत अशी मुले आज आजी-आजोबांच्या छायेत वाढत आहेत. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत हे दोन्ही होते. पैशांची काही तजवीज झाली; मुलांच्या मनाची मात्र ज्याची त्याच्यावर राहिली.

बोस्टन येथे विल्यम वर्डन व फिलिस सिल्वरमन यांनी आई वा वडील गमावलेल्या ७० कुटुंबांतील १२५ मुलांचा दोन वर्षे मागोवा घेतला. पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस अडचणी अधिक ठळक दिसल्या. म्हणजे भेटीला येणारे थांबतात, ‘पोरगा सावरला’ असे आपण म्हणू लागतो, नेमकी तेव्हाच काळजी घ्यावयास हवी.

किशोरवयातील दुःख नेहमी डोळ्यांतून वाहत नाही. भरधाव दुचाकी, खिशातली खर्ऱ्याची पुडी, मित्रांबरोबरची दारू, मोबाईलवर पैसे लावून खेळलेले खेळ यांतूनही ते प्रकट होते. वेगाने व नशेने वेदना घटकाभर बधिर होते. शिवाय ‘कधीही मरायचेच आहे’ हा विचार मनात घर करून बसला, की उद्याची पर्वा उरत नाही. सगळीच मुले या वाटेने जातात असे नव्हे, बहुतेक सावरतात. मुलींच्या बाबतीत घाईने लग्न उरकण्याचा बेत घरातच शिजतो; आमच्या मते तोही धोकाच होय.

‘तुझा बाप असता तर…’ हे वाक्य टाळावे. वडिलांच्या आठवणी मात्र मोकळेपणाने काढाव्यात. मृत्यूचे कारण लपवू नये, ते गावात कोणाकडून तरी कळतेच. आपणही पोटचा मुलगा वा लेक गमावली आहे. नातवासमोर डोळे पाणावले तर लपविण्याचे कारण नाही. रात्रीचे जेवण एकत्र, ठरल्या वेळी व्हावे.

फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत व किल्ली स्वतःजवळ बाळगावी. नातू मरणाची भाषा बोलू लागला, तर ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलण्यास वाट मिळते. अशा वेळी त्याला एकटे न सोडता अमरावतीच्या जिल्हा सामान्य किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात न्यावे. टेली मानसच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर दिवसरात्र मराठीतून बोलता येते. शिक्षणखर्चासाठी बालसंगोपन योजनेची चौकशी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करावी; एक पालक गमावलेल्या मुलांनाही ती लागू आहे.