रश्श्यात काय आहे?

कामानिमित्त बीजिंगला गेलो होतो. पुण्याहून आम्ही चौघं. पहिल्याच संध्याकाळी यजमानांनी छोंगछिंग पद्धतीच्या हॉटपॉटला नेलं. टेबलाच्या मधोमध शेगडी आणि तिच्यावर आत आडवा पत्रा घालून दोन भाग केलेलं भांडं. एकीकडे लालभडक रस्सा, दुसरीकडे पांढरा. मी कोल्हापूरचा. तांबडा-पांढरा इतक्या दूर भेटला म्हणून हरखलो. तरी काहीही तोंडात घालण्याआधी विचारलं, ''या रश्श्यात काय आहे?''

शेजारचा सहकारी वैतागला. ''अरे, इथं तरी ते हलाल-बिलाल सोड की. सगळ्यांबरोबर जेव ना जरा.''

यजमानांनी चौकशी करून सांगितलं, पांढरा रस्सा डुकराच्या हाडांचा आहे आणि लाल रस्सा बीफच्या चरबीतला. सहकाऱ्याने उचललेल्या चॉपस्टिक्स हळूच खाली ठेवल्या. तो बीफ खात नाही. त्याला कुणीही म्हणालं नाही की, इथं तरी सोड. मीही म्हणालो नाही. त्या रात्री आम्ही दोघांनी भात आणि काकडीवर भागवलं.

माझं भांडण इथून सुरू होतं. त्याने थांबणं म्हणजे संस्कार आणि मी विचारणं म्हणजे कट्टरता, हा हिशेब कोणत्या वहीतला? त्याच्या नकळत त्याचा धर्म वाचला तो माझ्या प्रश्नामुळेच.

हॉटपॉट हा पदार्थच असा आहे की, त्यात विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. ताटातला नको असलेला तुकडा बाजूला सारता येतो. इथं मात्र प्रत्येकाने टाकलेली वस्तू एकाच रश्श्यात शिजते आणि मांस काढून घेतलं तरी त्याचा अर्क मागे राहतो. सगळ्यांनी एका भांड्यात जेवायचं असेल, तर भांड्यात काय जाणार हे आधी ठरवावंच लागतं. ज्याला सोबत जेवायचंच नाही, तो कशाला विचारेल?

दुसऱ्या संध्याकाळी मी सगळ्यांना तुंगलायशुनला नेलं. तिंग तशान नावाच्या हुई मुसलमानाने 1903 मध्ये बीजिंगच्या बाजारात टाकलेल्या एका टपरीतून हे हॉटेल उभं राहिलं. तांब्याचं भांडं, मधून धुराडं, त्यात कोळसे. रस्सा म्हणजे आलं आणि कांद्याची पात घातलेलं साधं पाणी. कागदासारखे पातळ कापलेले मटणाचे काप त्यात काही सेकंद हलवायचे आणि तिळाच्या चटणीत बुडवून खायचे. आज बीजिंगकर या जेवणाला आपल्या शहराची ओळख मानतात. मुसलमानाने आपलं पथ्य पाळून शिजवलेलं अन्न सगळ्या शहराचं झालं. आमच्यातली एक सहकारी शाकाहारी आहे. तिच्यासाठी वेगळं लहान भांडं मागवलं. टेबल एकच राहिलं आणि कुणाचाही अपमान झाला नाही.

तरीही याच बीजिंगमध्ये 2019 साली हलाल हॉटेलांना पाट्यांवरची अरबी अक्षरं आणि चंद्रकोर काढायला लावली गेली. आपल्याकडे उत्तर प्रदेशात नोव्हेंबर 2023 मध्ये हलाल प्रमाणपत्र असलेल्या मालाच्या विक्रीवर बंदी आली. निर्यातीला मात्र सूट! म्हणजे परदेशातल्या गिऱ्हाइकाने विचारलेलं चालतं, घरच्या माणसाने विचारलेलं खुपतं. पुढच्याच वर्षी कावड यात्रेच्या मार्गावरच्या हॉटेलवाल्यांना पाटीवर मालकाचं नाव लिहायचा आदेश निघाला. 22 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. दुकानदाराला कोणतं अन्न मिळतं ते सांगायला लावता येईल, पण नाव लिहिण्याची सक्ती करता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. साऱ्या वादाचा निवाडा एवढ्यात आहे. हलालची पाटी अन्नाबद्दल बोलते, नावाची पाटी माणसाबद्दल. भांड्यात काय आहे हे विचारणं हा खाणाऱ्याचा हक्क आहे. भांडं कुणाचं आहे हे विचारणं म्हणजे शिवाशिव.

आणि ही शिवाशिव आपल्याही घरात आहे, हे आपल्या लोकांना स्पष्ट सांगायला हवं. तांब्याच्या भांड्याचा फोटो मामूंना पाठवला, तर लगेच उत्तर आलं, ''उनके बर्तन का क्या भरोसा?'' बीजिंगच्या न्यूजिए मशिदीचा इतिहास 996 सालापासून सांगितला जातो. हजार वर्षं हलालचं पथ्य सांभाळलेल्या लोकांच्या भांड्यांवर आपण कोल्हापुरात बसून संशय घेणार! मोहल्ल्यात असे कितीतरी जण आहेत, जे हिंदू मित्राच्या घरचं आवतण 'हराम-हलालची भानगड नको' म्हणून टाळतात. काय शिजवलंय, हे विचारतसुद्धा नाहीत. त्या घरी कदाचित पुरणपोळी असते. हलालच्या आड लपवलेला हा आळस आहे, आणि कधीकधी आळसापेक्षाही वाईट काही.

परतल्यावर ऑफिसच्या पार्टीसाठी त्याच सहकाऱ्याने हॉटेलला फोन लावला. मी शेजारीच होतो. त्याने विचारलं, ''ग्रेव्हीत बीफ नाही ना?'' मग माझ्याकडे बघितलं आणि फोनवर म्हणाला, ''आणि मटण हलाल आहे का?''

त्याच्या आवाजात संकोच नव्हता. आपल्या आवाजातही नको.