धूर मोजणार कोण?

४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. भोसरी काय, वाळूज काय, कारखान्यांच्या दारात त्या दिवशी शपथा होतात, घोषवाक्यांना बक्षिसे मिळतात. गेटजवळच्या फलकावर शेवटच्या अपघाताला किती दिवस झाले, तो आकडाही एकाने वाढतो. प्रेसमध्ये बोट गेले की हा आकडा शून्यावर येतो. फुफ्फुसात गेलेल्या धुळीने तो जागचा हलत नाही.

स्टेनलेस स्टीलच घ्या. भांड्यांच्या चांगल्या पत्र्यात साधारण १८ टक्के क्रोमियम असते. जेवणाऱ्याला त्याचा उपद्रव नाही. तोच पत्रा वेल्डिंगच्या आर्कखाली आला की त्यातले काही क्रोमियम षट्संयुजी या घातक रूपात बदलून धुरात मिसळते. हे कण मायक्रॉनहून बारीक. नाकाला बांधलेला रुमाल त्यांना अडवत नाही. पेशी षट्संयुजी क्रोमियम सहज आत घेते आणि तिथे डीएनएची मोडतोड होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने षट्संयुजी क्रोमियम आणि निकेलची संयुगे १९९० पर्यंत, तर वेल्डिंगचा धूर २०१७ मध्ये, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकला. पण एवढे कळून भागत नाही. किती धूर, किती वर्षे आणि त्यापायी किती माणसे, हा खरा हिशेब.

तो अमेरिकेत मांडला गेला. बाल्टिमोरच्या क्रोमेट, म्हणजे षट्संयुजी क्रोमियमची संयुगे, बनवणाऱ्या कारखान्यात १९५० ते १९७४ दरम्यान कामाला लागलेल्या २,३५७ कामगारांचा माग संशोधकांनी काढला. १९९२ पर्यंत १२२ जण फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेले होते. गणित जमले, कारण तिथल्या हवेची सुमारे ७० हजार मोजमापे दप्तरी शिल्लक होती. अशा माहितीच्या आधारे २००६ मध्ये अमेरिकी सरकारने कामाच्या जागी हवेतल्या षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा घनमीटरला ५२ मायक्रोग्रॅमवरून ५ वर आणली. आणि हेही लिहून ठेवले, की त्या ५ मध्ये ४५ वर्षे काम केले तरी हजारी १० ते ४५ कर्करोग जादा होतील. मर्यादा पाळली म्हणजे धोका टळला, असे समजणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा. ती रेघ तंत्राला आणि खर्चाला झेपेल तिथे ओढलेली असते.

आपल्याकडे मोजायचे म्हटले तर माणूसच सापडत नाही. वेल्डर आज या ठेकेदाराकडे, दिवाळीनंतर दुसऱ्याकडे. आजार डोके वर काढायला वीस-तीस वर्षे घेतो. तोवर गाळा बंद, हजेरीपुस्तक रद्दीत, माणूस गावी. छातीत गाठ निघाली की डॉक्टर बिडी-तंबाखूचे विचारतात. विचारायलाच हवे, पण ‘हो’ म्हटले की चौकशी तिथेच थांबते, जणू बिडी ओढणाऱ्याच्या छातीत धूर जातच नाही! केसपेपरवरच्या व्यवसायाच्या रकान्यात ‘मजुरी’ एवढेच पडते.

धूर निघतो तिथेच ओढून घेणारी यंत्रणा आधी हवी, मास्क नंतर. आणि नोंद मालकाच्या नव्हे, कामगाराच्या नावे हवी : धातू कोणता, काम कोणते, वर्षे किती. नोकरी बदलली तरी कर्मचारी राज्य विमा योजनेचा (ईएसआय) विमा क्रमांक बदलत नाही. ही नोंद त्यालाच जोडता येईल. दहाहून कमी माणसांच्या गाळ्यांपर्यंत ही योजना फारशी पोचलेली नाही आणि जिन्यांची स्टील रेलिंग बरीचशी तिथेच जोडली जातात. विमा तिथवर नेऊन सुरुवात तिथूनच करावी.