समुद्रावरचा प्रवास सुकर, किनाऱ्यावरचा खोळंबलेला

मुंबईहून सकाळी निघून सायंकाळी परतावे, असा किनारा म्हणजे अलिबाग. रस्त्याने वडखळमार्गे हे अंतर सुमारे 100 किलोमीटर; गेटवे ऑफ इंडियाहून लाँचने मात्र मांडवा साधारण तासाभरात गाठता येते. वर्षानुवर्षे पर्यटक याच मार्गाने येत आणि पुढे बसने अलिबागला जात. माणसे येत, मोटारी मुंबईतच राहत.

मार्च 2020 मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाली आणि मोटारीही समुद्रमार्गे येऊ लागल्या. पावसाळ्यात लाँच बंद असताना, हवामान साथ देईल तेव्हा चालणाऱ्या या सेवेचा स्थानिकांना आधार आहे, हे मान्यच करावे लागेल. जानेवारी 2024 मध्ये 21.8 किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला. म्हणजे दोन्ही वाटांनी सोय झाली ती प्रामुख्याने मोटारीची.

या मोटारींना सामावून घेणारा मांडवा-अलिबाग रस्ता मात्र झिराड, चोंढी अशा गावांच्या भरवस्तीतून जातो. कोंडीत ओहोटीची वेळ टळली, तर पर्यटकाचे कुलाबा किल्ल्यात चालत जाणे हुकते, इतकेच. त्याच कोंडीत अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाकडे निघालेला रुग्णही अडकू शकतो. बोटींच्या वेळांशी जुळणाऱ्या पुरेशा एसटी बसगाड्या आणि मोटार न आणणाऱ्यास भाड्यात ठळक सवलत, हे उपाय नव्या पुलाइतके खर्चिक नाहीत. नियोजनात त्यांचा क्रम मात्र अखेरचा लागतो.