एका आयतीपाशी थांबा

रमजान आला की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "खत्म किती झाले?" कोणत्या आयतीपाशी थांबलात, हे कोणी विचारत नाही. तोंडवलीत काय नि मुंबईत काय, मुलाचा नाजरा होतो, मखरज सुधारतात, वेगही येतो. अर्थ मात्र 'पुढे बघू' म्हणून राहून जातो. कुरआन तर आपण उतरल्याचे कारणच तदब्बुर, म्हणजे खोल चिंतन, असे सांगतो (सूरह साद, आयत २९).

चिंतनाला मन जागेवर लागते. ते कसे आणायचे, याचा बारकाईने विचार पातंजल योगात आहे. मन एका विषयावर ठेवणे ही धारणा. ते तिथेच अखंड वाहू लागले की ध्यान. योग म्हटले की काहींना लगेच शिर्क आठवतो. सूर्याला नमस्कार मीही घालणार नाही. पण अल्-बिरुनीने अकराव्या शतकातच पतंजलीचा ग्रंथ अरबीत आणला होता, आणि आपल्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी १६४५ मध्ये मराठीत 'योगसंग्राम' लिहिला.

कोकणात आपण बहुतेक शाफिई, इमाम गझालीही शाफिईच. 'इह्या'मध्ये त्यांनी तिलावतीचे दहा आंतरिक अदब सांगितले. मन हजर असणे हा त्यांतलाच एक. अर्थाच्या आड येणारा पहिला पडदा त्यांनी कोणता सांगावा? सारे लक्ष अक्षरांच्या उच्चारातच अडकणे! आम्हा शिक्षकांना हे टोचायलाच हवे.

एक फरक मात्र पक्का धरावा. पतंजलीला चित्ताच्या वृत्ती थांबवायच्या आहेत. कुरआनला वाचकाचे मन रिकामे नको आहे. आयत प्रश्न विचारते, धाक घालते, धीर देते. त्यावर विचार, लाज, रडू उठायला हवे. म्हणून धारणा घ्यावी, निरोध घेऊ नये.

फज्रनंतर वीस मिनिटे एकच आयत घ्या. अरबी वाचा, मराठी तर्जुमा वाचा, पुन्हा अरबी. मन होडीच्या डिझेलकडे, आखातातल्या मुलाच्या फोनकडे जाणारच. चिडू नका, त्याच शब्दावर परत आणा. पैगंबरांनी (स.) एका रात्री पहाटेपर्यंत एकच आयत पुन्हा पुन्हा पढल्याचे ह. अबू जर (रजि.) सांगतात.

तरावीहनंतरही त्या रात्रीच्या एका आयतीवर दहा मिनिटे मराठीत बोलता येईल. वेळ नसेल, तर तेवढी तिलावत कमी करा. खत्म दोन दिवस उशिरा झाला तरी चालेल.