बास म्हणजे पुरे

अमेरिकेत बास नावाचा एक मासा आहे. गोड्या पाण्यातला, हिरवट अंगाचा, आणि जबडा एवढा मोठा की पहिल्या तारखेला आमच्या काउंटरवर येणाऱ्या काही खातेदारांची आठवण व्हावी. मराठी माणसाला हे नाव ऐकून वाटतं, काय समंजस मासा आहे! स्वतःच सांगतोय, बास, पुरे. पण त्याच्या मागे लागलेल्या माणसांना 'पुरे' हा शब्दच ठाऊक नसतो. माझं भांडण माशाशी नाही. भांडण आहे ते त्याला पकडायच्या सामानाशी, आणि ते सामान नवशिक्याच्या गळ्यात बांधणाऱ्या थोर लोकांशी. तिथे मासा गळाला लागायच्या आधी नवशिक्या लागतो.

मागच्या मे महिन्यात साठवलेली रजा एकदम काढून मी कॅलिफोर्नियात ताईकडे गेलो होतो. भाचा बारा वर्षांचा. शाळेतल्या मित्राबरोबर एकदा तळ्यावर जाऊन आला आणि तीन दिवस घरात मासे सोडून दुसरं काही बोलला नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, "बाबा, मला एक रॉड घ्याल?" मागणी एवढीच होती. एक रॉड.

आमचे भावजी इंजिनिअर. त्यांनी पंधरा दिवस अभ्यास केला. आपल्याकडे ही जुनीच रीत आहे. पोराने ताटावर बोटं वाजवली की आपण तबल्या-डग्ग्याची जोडी, गवसणी, हातोडी घेऊन येतो. तबलजी तेवढा नंतर यायचा राहतो. माझ्याच घरी व्यायामाची सायकल आहे. तिच्यावर टॉवेल फार चांगले वाळतात. त्यामुळे भावजींना हसायचा मला अधिकार नाही हे कबूल करून मी हसणार आहे.

शनिवारी दुकानातून जे आलं त्याने दिवाणखाना भरला. आठ फुटी काठी, पडद्याच्या दांडीसारखी. तिला साजेसं जाडजूड रीळ. पासष्ट पौंडांचा ताण सोसणारी विणलेली दोरी; हिच्याने विहिरीतून कळशी काढावी. आणि मखमलीत ठेवावेत असे तीन स्विमबेट. स्विमबेट म्हणजे पोहणाऱ्या माशाचं सोंग घेतलेलं आमिष. काही मऊ, रबरासारखे असतात, शेपटीला वल्ह्यासारखी चकती. ओढलं की शेपूट थरथरतं. काही टणक असतात, मध्ये बिजागरी, ओढले की नागमोडी जातात. भावजींनी आणलेले दुसऱ्या जातीचे. आठ इंच लांब, वजन एकेकाचं शंभर ग्रॅमवर, डोळे काचेचे. एकाची किंमत मी रुपयांत करून पाहिली आणि नंतर अमेरिकेत असेपर्यंत रुपयांत हिशेब करणं सोडून दिलं.

"एवढं मोठं?" मी विचारलं.

"मोठं आमिष, मोठा मासा," भावजी म्हणाले. "आणि घ्यायचं तर एकदाच चांगलं घ्यावं."

लिव्हरमोरजवळ डेल व्हॅले नावाचा जलाशय आहे. आजूबाजूला वाळक्या गवताच्या टेकड्या आणि ओकची झाडं. तिथे तीन रविवार काय झालं ते सांगतो. पोराने ती दांडी दोन्ही हातांनी उचलून फेकली की आमिष पंधरा फुटांवर 'धप्प' करून पडायचं आणि रिळावर दोरीचा गुंता व्हायचा. याला तिकडे पक्ष्याचं घरटं म्हणतात. त्या जातीच्या रिळात चाक स्वतःच फिरतं. आमिष मंदावलं तरी चाक मंदावत नाही, अंगठ्याने आवरावं लागतं. बारा वर्षांच्या अंगठ्याला ते कसं यावं? भावजींनी एकेक घरटं पाऊण पाऊण तास सोडवलं. मासे दूर राहिले, त्या धपाक्याने काठावरची बदकंसुद्धा दुसऱ्या बाजूला गेली. तिसऱ्या रविवारी गाडीत पोरगा खिडकीबाहेर बघत होता. हळूच मला म्हणाला, "मामा, मला नाही जमत रे. पुढच्या वेळी मी नाही येणार."

इथे माझं डोकं फिरलं. पोराला जमत नव्हतं असं नाही. पोराला जमूच नये अशी व्यवस्था चारशे डॉलर खर्चून केली होती. वर पोरगा स्वतःलाच दोष देत होता.

मी बी. कॉम. आहे आणि वीस वर्षं बँकेत खर्डेघाशी केली आहे. ताईच्या गावच्या वाचनालयातून मासेमारीची चार पुस्तकं आणून मी लेजर तपासावं तशी तपासली. निघालं ते असं. प्रत्येक काठीवर मुठीच्या जरा वर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की ही किती वजनाचं आमिष फेकते. आमच्याकडे जशी मॅनेजरची मंजुरीची मर्यादा असते, अगदी तशी. भावजींच्या काठीवर होतं, दोन ते आठ औंस. काठी आमिषाच्या वजनाने वाकते आणि सरळ होताना आमिष लांब फेकते. हलकं आमिष लावलं तर ही दांडी वाकतच नाही. जड लावलं तर ती वाकवायची ताकद पोरात नाही. म्हणजे 'एकदाच घ्यावं, सगळ्याला चालेल' म्हणून घेतलेली काठी या घरात कुणालाच चालणार नव्हती. हजारो रुपयांचं सामान डोळ्यांवर घेणारे सुशिक्षित लोक मुठीवरची एक ओळ वाचत नाहीत! कर्जाच्या फॉर्मवर सही करणारेही वाचत नाहीत म्हणा.

आता 'मोठं आमिष, मोठा मासा'. हे खोटं नाही, आणि म्हणूनच जास्त घातक आहे. 1959 साली फ्लोरिडाच्या जातीचे बास आणून सॅन दिएगोकडच्या पाण्यात सोडले. त्या राज्यात जलाशयांत दरवर्षी ट्राउट मासे सोडतात. ते आयते ट्राउट खाऊन हे पाहुणे अवाढव्य झाले, आणि मग तिथल्या पट्टीच्या गळवाल्यांनी ट्राउटसारखी दिसणारी हातभर आमिषं बनवली. पण तो गळवाला कोण? दहा वर्षं पाण्याकाठी काढलेला. दिवसभर फेकायचं, एकही मासा शिवला नाही तरी चालेल, आला तर राक्षसच यावा, असं व्रत घेतलेला. त्याने खुशाल घ्यावं, माझी ना नाही. नवशिक्याला राक्षस नको असतो हो! त्याला आधी दोरीला मासा लागला म्हणजे हाताला काय कळतं ते कळायला हवं असतं. तळ्यात लहान बास पुष्कळ, मोठे थोडे. तीन इंची आमिष लहानही घेतो आणि मोठाही. तीन इंची पिल्लू समोर आलं म्हणून मोठा बास काही तोंड फिरवत नाही. आठ इंची मात्र लहानाच्या तोंडातच मावत नाही.

आणि मोठ्या माशाचंच म्हणाल तर 1932 साली जॉर्जियात जॉर्ज पेरी नावाच्या तरुण शेतकऱ्याने बावीस पौंड चार औंसांचा बास धरला. म्हणजे दहा किलोंचा. सांगतात की तो आणि त्याचा दोस्त मिळून दोघांत काठी एक आणि आमिष एक, आळीपाळीने फेकत होते. मासा घरी नेऊन खाल्ला. (मूळचा कोकणातला म्हणून मला हा माणूस फार आवडतो.) 2009 साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्या विक्रमाशी बरोबरी केली, ती जिवंत ब्लूगिल माशाचं आमिष लावून. म्हणजे विक्रमाच्या दोन्ही बासांना काचेच्या डोळ्यांचं आठ इंची शिल्प कुणी दाखवलेलंच नव्हतं.

हे सगळं मी जेवताना सांगितलं. भावजी म्हणाले, "तुम्ही कधी गळ टाकलाय का?" लहानपणी आजोळी खाडीवर गरी टाकली होती, बांबूच्या काठीला गांडूळ लावून, हे मी सांगितलं. ताई म्हणाली, "आणि लागली होती ती चप्पल, तीही आपलीच." बहिणींना नको तेवढं आठवतं.

तरी मी हट्ट सोडला नाही. सोमवारी भाच्याला घेऊन गेलो. जवळच्या मोजक्या डॉलरांतून साडेसहा फुटी मध्यम काठी घेतली, पाव ते पाऊण औंसाची, तिच्याबरोबर जोडूनच येणारं स्पिनिंगचं रीळ. यात चाक स्थिर असतं, दोरी नुसती उलगडत जाते, घरटी होत नाहीत. दहा पौंडांची साधी दोरी. मऊ स्विमबेटची दोन पाकिटं, तीन इंची, वल्ह्याच्या शेपटीची. एक रंग रुपेरी, एक हिरवट. पाव औंसाचे शिशाचं डोकं असलेले गळ, आणि गवतात अडकू नयेत म्हणून टोक आमिषाच्या पोटात लपवायचे दोन वेगळे गळ. काटकसर मला प्रिय, पण गळ आणि दोरी यांत ती केली नाही. बोथट गळ म्हणजे तारण न घेता दिलेलं कर्ज. दुकानातल्या पोराने विचारलं, "एवढंच?" मी मराठीत म्हटलं, "बास!" त्याला वाटलं मी माशाचं नाव सांगतोय. तो आणखी एक फडताळ दाखवायला निघाला.

एक गोष्ट पुस्तकात वाचलेली मी पोराकडून दहा वेळा घोटून घेतली. गळावर आमिष सरळ चढलं पाहिजे. तिरकं चढलं तर ते पोहत नाही, गिरक्या घेतं, आणि मासा समजतो काय समजायचं ते. या एका गोष्टीला पैसा पडत नाही, म्हणून दुकानात ती कुणी सांगत नाही.

चौथ्या रविवारी सकाळी पोराने फेकलं. आमिष बऱ्यापैकी लांब गेलं. त्याने दहापर्यंत आकडे मोजून ते खाली जाऊ दिलं आणि सावकाश गुंडाळायला लागला. असं तासभर. मग काठीचं टोक थरथरलं, तो थांबला, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी ते सांगू शकणार नाही. "बाबा!" एवढंच ओरडला. भावजी फोटो काढायला धावले आणि फोटो न काढताच पाण्यात गुडघाभर उतरले. मासा फूटभर. दोघांनी मिळून गळ काढला, चार हात एका माशाला. मग पोराने तो ओल्या हातांनी पाण्यात सोडून दिला. तव्याएवढा मासा! मी दहा मिनिटं कुणाशी बोललो नाही.

ते आठ इंची तिघे आता ताईच्या शोकेसमध्ये आहेत, गणपतीच्या उजव्या हाताला. आमच्याकडे याला डेड स्टॉक रजिस्टर म्हणतात. पाहुणे कौतुक करतात. एकाने विचारलं, हे कुठल्या देशाचं हस्तकौशल्य?

परत आल्यावर दोन महिन्यांनी भावजींचा फोन. आवाजात उत्साह. "तुमचं पटलं बरं का. छोटं आमिषच खरं. मी सगळे रंग मागवलेत."

"सगळे म्हणजे?"

"चोवीस. प्रत्येकी तीन पाकिटं. आणि तीन मापं असतात ना, त्यामुळे..."

"भावजी, बास!" मी ओरडलो. शेजारच्या काउंटरवरचे चेक लिहिता लिहिता थांबले.

"नाही हो," भावजी म्हणाले, "आज कुठला लागायला? आज आम्ही नुसते रंग लावून ठेवतोय."